वास्तुशांतीला येण्यापूर्वी

कराड,
१२ नोव्हेंबर २०२५

प्रिय अमोल,
सप्रेम नमस्कार.

तुझी वास्तुशांतीची पत्रिका परवा मिळाली. तिच्या कोपऱ्यात तू पेनाने लिहिलेले ‘या वेळी कुठलेही कारण चालणार नाही’ हे वाक्य मनीषाने मला दोनदा वाचून दाखवले. आम्ही येत आहोत. महाराष्ट्र एक्सप्रेसची तिकिटेही काढून झाली आहेत. मात्र येण्याआधी तुला काही गोष्टी सांगायला हव्यात आणि त्या पत्रातच सांगता येतील, कारण फोनवर मी नेहमी ‘सगळे ठीक आहे’ एवढे म्हणून मोकळा होतो.

सगळे ठीक नव्हते. काकांच्या पंचाहत्तरीला न येण्यासाठी मी पेपर तपासणीचे कारण सांगितले होते, ते खोटे होते. गेल्या मे महिन्यात महाबळेश्वरला जाताना तुम्ही वाट वाकडी करून आमच्याकडे येणार होतात, तेव्हा आम्ही गावाला गेल्याचे मी कळवले. आम्ही घरातच होतो. तुझी मुलगी आमच्या अर्णवपेक्षा दोन महिन्यांनी लहान आहे. ती अडीच वर्षांची असताना रामरक्षेतल्या चार ओळी म्हणतानाचा तिचा व्हिडिओ तू मोठ्या कौतुकाने पाठवला होतास. तो मी पुरता पाहू शकलो नाही आणि त्यानंतर तुझे निरोप मी दिवसदिवस उघडत नसे. त्या दिवशी आमच्या मुलाच्या तोंडी एकही शब्द नव्हता. यात तुझी काही चूक नाही आणि त्या लेकराची तर नाहीच. तुला मी न सांगितल्यामुळे तू अंधारात राहिलास, याबद्दल मनापासून क्षमा मागतो.

अर्णव विसाव्या महिन्यात चालू लागला. दोन वर्षांचा झाला तरी हाक मारल्यावर कधी वळे, कधी वळत नसे. चमचा धरत नसे आणि काही हवे असले तर आमचा हात धरून त्या वस्तूवर नेऊन ठेवी. ज्या डॉक्टरांना आम्ही प्रथम दाखवले त्यांनी ‘मुलगे उशिराच बोलतात, वाट पाहा’ असे सांगितले. आम्हाला तेच ऐकायचे होते, म्हणून आम्ही आठ महिने वाट पाहिली. त्या काळात आईने वेखंड मधात उगाळून त्याच्या जिभेला लावले. मावशीच्या मळ्यात पोपटाने उष्टावलेला पेरू सापडला, तो ती पदरात बांधून एसटीने घेऊन आली. त्याने काही झाले नाही. पण पासष्ट वर्षांची बाई भर उन्हात पेरूच्या झाडाखाली चोचीची खूण असलेले फळ शोधत फिरली, हे मी कधी विसरणार नाही. आठ महिने वाया गेले याचे दुःख मला त्या पेरूमुळे होत नाही, ‘वाट पाहा’ या सल्ल्यामुळे होते. दोन वर्षांच्या मुलाला दोन शब्द जोडता येत नसतील, तर वाट पाहता पाहताही तपासणी करता येते, हे आम्हाला कोणी सांगितले नाही आणि आम्ही विचारलेही नाही.

चक्र फिरले ते अंगणवाडीमुळे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीतली मुले तपासते. त्या पथकातल्या डॉक्टरीणबाईंनी अर्णवला पाच मिनिटे पाहिले, त्याच्यासमोर दोन ठोकळे ठेवले, स्वतः एक उचलून दुसऱ्यावर ठेवला आणि मग वाढीत मागे असलेल्या मुलांची तपासणी आणि उपचार करणाऱ्या, जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राच्या नावाने चिठ्ठी लिहून दिली. तिथे त्यांनी सर्वांत आधी कानाची तपासणी सांगितली. भांडे पडले की तो दचकतो, म्हणजे त्याला ऐकू येते, असे आम्ही धरून चाललो होतो. पण भांड्याचा आवाज ऐकू येणाऱ्या मुलालाही बोलण्यातले बारीक ध्वनी ऐकू येत नसू शकतात, हे तिथे समजले.

त्या तपासणीला ‘बेरा’ म्हणतात. कपाळावर आणि कानांमागे तारा चिकटवतात, कानांत टकटक आवाज सोडतात आणि मेंदूपर्यंत तो पोहोचतो का ते यंत्रावर पाहतात. त्यासाठी मूल गाढ झोपलेले असावे लागते. म्हणून आदल्या रात्री आम्ही त्याला दोन वाजेपर्यंत जागवले आणि पहाटे उठवून साताऱ्याची एसटी धरली. उंब्रजपर्यंत मनीषाने त्याला खिडकीतून ट्रक दाखवत जागे ठेवले. नागठाण्याच्या आसपास त्याचा डोळा लागला, तो थेट सातारा स्टँडवर उघडला. मग दिवसभर तो टक्क जागा आणि आम्ही दोघे पेंगत बाकावर बसलेले. पुढच्या खेपेला झोपेचे औषध देऊन तपासणी पार पडली. ऐकणे उत्तम होते. तो कागद हातात घेऊन मनीषा रडली. आनंदाने की भीतीने, हे मी विचारले नाही, कारण माझ्याही मनात दोन्ही होते. कान चांगले आहेत, तर मग काय?

मग जे नाव मिळाले ते ‘ग्लोबल डेव्हलपमेंटल डिले’, म्हणजे वाढीच्या एकाहून अधिक अंगांनी मागे असणे. हे नाव पाच वर्षांच्या आतील मुलांसाठीच वापरतात. पुढे पुन्हा मोजमाप करून नेमके काय ते ठरवतात. स्वमग्नतेची, म्हणजे ऑटिझमची, शक्यता त्यांनी पडताळून पाहिली आणि ती अजून पूर्णपणे बाजूला ठेवलेली नाही. फेब्रुवारीत तो पाच वर्षांचा होईल. त्या फेरतपासणीची धाकधूक आतापासून आहे. दिव्यांगत्वाच्या दाखल्यावरून घरात दोन मते आहेत. मला वाटते, २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याने जे त्याच्या हक्काचे आहे ते घ्यावे. मनीषाला वाटते, एकदा शिक्का बसला की लोक मूल पाहणार नाहीत, कागदच पाहतील. यावर आमचे अजून एकमत झालेले नाही.

आता जे लिहितो आहे ते सांगताना अजूनही जीभ जड होते. त्याच्या नर्सरी प्रवेशासाठी गेलो, तिथे आम्हाला सांगितले गेले की घरात दोन भाषा कानांवर पडल्याने मूल गोंधळले आहे, तेव्हा घरी फक्त इंग्रजीच बोला. शिकलेल्या माणसाने खुर्चीत बसून सांगितले की आपण मान डोलावतो. आम्ही चार महिने तसे वागलो. मनीषा आणि मी मोडकेतोडके इंग्रजी बोलू लागलो. आई इंग्रजी बोलू शकत नाही. आपल्या बोलण्याने नातवाचे नुकसान होईल या भीतीने तिने त्याच्याशी बोलणेच सोडले. ती त्याला मुकाट्याने भरवी, मुकाट्याने थोपटून झोपवी. चिऊचा घास नाही, काऊचा घास नाही. ज्या घरात आधीच एक जण बोलत नव्हता, त्या घरात मी माझ्या हाताने दुसरे माणूस गप्प केले.

पुढे ज्या वाचा-उपचारतज्ज्ञ बाई लाभल्या, त्यांनी हे ऐकताच कपाळाला हात लावला. दोन भाषा ऐकल्याने मूल बोलायचे थांबत नाही. घरातल्या माणसांना जी भाषा सहज येते, तिच्यातच त्याच्याशी बोला, असे त्यांनी निक्षून सांगितले. त्या संध्याकाळी आई मेथी निवडत बसली होती. मी तिला म्हणालो, ‘आई, तू बोल त्याच्याशी, तुझेच बोलणे त्याला हवे आहे.’ तिने काही उत्तर दिले नाही. थोड्या वेळाने स्वयंपाकघरातून आवाज आला, ‘हे पान. हा देठ. पान इकडे. देठ तिकडे.’ मी बाहेरच्या खोलीत वह्या तपासत होतो. पुढची वही बराच वेळ उघडली गेली नाही.

गंमत अशी की उपचारात आम्हाला जे पैसे देऊन शिकवले जाते, ते आई तशीच करते. तेच शब्द रोज, त्याच कामाच्या वेळी, सावकाश. मला मात्र मुळापासून शिकावे लागले. मी गणिताचा शिक्षक; माझे शिकवणे प्रश्नांनी सुरू होते. घरीही मी त्याला ‘हे काय? हा कोण? सांग ना!’ असे विचारत राही आणि तो तोंड फिरवी. बाईंनी माझे प्रश्न बंद केले. त्याच्यासमोर जमिनीवर बसायचे, तो जे करतो आहे ते एका-दोन शब्दांत बोलायचे, तो एक शब्द बोलला तर आपण दोन बोलायचे आणि मग थांबायचे, मनात दहा मोजेपर्यंत. ऐकलेले उमगायला, शब्द सापडायला आणि तो जिभेवर आणायला त्याला आपल्यापेक्षा जास्त वेळ लागतो. आपण मध्येच बोललो की त्याला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. दहा आकडे किती लांब असतात, हे वीस वर्षे गणित शिकवून मला ठाऊक नव्हते.

गेल्या वर्षी दिवाळीच्या आधी त्याचे आवडते चुरमुरे आम्ही घट्ट झाकणाच्या काचेच्या बरणीत ठेवले, कारण बाईंनीच तसे सुचवले होते. त्याने बरणी माझ्या मांडीवर आणून ठेवली आणि माझा हात धरून झाकणावर ठेवला. मी ‘उघड’ म्हणालो आणि थांबलो. त्याने झाकणाकडे पाहिले, मग माझ्याकडे, मग पुन्हा झाकणाकडे. ओठ हलले, आवाज आला नाही. मी मनात सातपर्यंत आलो होतो, तेव्हा तो म्हणाला, ‘घड.’ मी झाकण उघडले. त्याने मूठभर चुरमुरे घेतले आणि जसे काही घडलेच नाही असा खिडकीपाशी जाऊन बसला. त्यानंतर सहा आठवडे तो शब्द पुन्हा आला नाही. ते सहा आठवडे फार अवघड गेले. मग आला तो मुक्कामालाच.

आज त्याच्याकडे चाळीसेक शब्द आहेत. ‘आजी ये’, ‘बाबा घड’ अशा जोड्याही जमतात. कणीक तिंबायला आईला मदत करतो, कपड्यांचे चिमटे दोरीला लावतो. बोटांत बळ यावे म्हणून हे व्यायाम दिले आहेत. शर्टाची बटणे अजून लागत नाहीत. मनीषाने औषधाच्या दुकानातली नोकरी सोडली आहे. साताऱ्याला आठवड्यातून दोनदा ती त्याला घेऊन जाते. तिच्या वाट्याला जे आले आहे त्याच्या निम्मेही माझ्या वाट्याला आलेले नाही. वहिनी तिच्याशी निवांत बोलल्या तर फार बरे होईल. मुलाविषयी नाही, दुसऱ्या कशाविषयीही.

आता तुझ्या घरी येण्याविषयी. होमाच्या वेळी शंख वाजला किंवा मिक्सर लागला की तो कान झाकून घेतो. तेव्हा मागची एखादी खोली आम्हाला मोकळी असू दे. काकूंना सांग की त्याने नमस्कार केला नाही तर ते उद्धटपणामुळे नव्हे. तुझ्या मुलीला एवढेच सांग की त्याला खेळायला आवडते, पण बोलायला वेळ लागतो. मुलांना हे पटकन समजते. पाहुण्यांपैकी कोणी ‘नाव काय बाळ तुझे?’ असे विचारणारच. तेव्हा उत्तर मी देईन, पण कोणी ‘अजून बोलत नाही का?’ असे त्याच्यासमोर विचारू लागले, तर तू जवळ असशील तर विषय बदल. त्याला सगळे समजते.

आणि ‘घड’ हा शब्द लक्षात ठेव. तुमच्या जळगावात घड म्हटले की केळीचा घड समजतील. त्याच्या तोंडी मात्र त्याचा अर्थ दार उघड, नळ सोड, मला उचल, मला मदत कर, असा कोणताही असू शकतो. केळी त्याला मनापासून आवडतात. आम्ही पोहोचलो की लगेच त्याला उचलून घेऊ नकोस, काही विचारूही नकोस. त्याच्यासमोर जमिनीवर बस, एक केळे न सोलता त्याच्या हातात दे आणि मनात दहा मोज.

तुझा,
संदीप