खुर्चीला हात लावायचा नाही, मग ती कळणार कशी?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मागच्या महिन्यात मुंबईतल्या एका गॅलरीत विसाव्या शतकातल्या फर्निचरचं प्रदर्शन होतं, त्याची चार ओळींची बातमी तुमच्याच पेपरात वाचली आणि आयलीन ग्रे या फर्निचर डिझायनर बाईंचं नाव दिसलं म्हणून ठाण्याहून लोकलने गेले, सोबत माझी भाची आणि तिच्या इंटिरियरच्या कोर्समधल्या दोन मैत्रिणी. गॅलरीचं नाव लिहीत नाही, कारण तक्रार एकट्या तिची नाहीये, आपल्याकडे बहुतेक ठिकाणी हेच चालतं.

प्रदर्शन चांगलं होतं हो. लाइट छान, भिंती पांढऱ्याशुभ्र, एसी गारेगार. पण वस्तूंपुढे दोरी आणि दोरीपुढे इंग्रजीत चार ओळींचं लेबल, तेही इतक्या बारीक अक्षरात की मी चष्मा वर-खाली करून दमले. बरोबरीचा कार्यक्रम म्हणाल तर एकच वॉकथ्रू, म्हणजे कुणीतरी सोबत फिरून माहिती सांगणार, तोही बुधवारी सकाळी साडेअकराला, इंग्रजीत, आधी ईमेल करून नाव नोंदवायचं. बुधवारी साडेअकराला कोण मोकळं असतं ते मला कुणीतरी सांगा. कॉलेजच्या मुली नाही, नोकरीवाले नाही, सुतारकाम करणारा तर नाहीच नाही.

तिथे एक वॉचमन होते, आपलेच, साताऱ्याकडचे. तीन आठवडे रोज आठ तास त्या वस्तूंसमोर उभे. त्यांनी मला हळूच विचारलं, मॅडम, या टेबलात एवढं काय आहे हो, सगळे याचाच फोटो काढतात. म्हणजे बघा, ज्या माणसाने ते टेबल सगळ्यात जास्त वेळ पाहिलं त्यालाच कुणी काही सांगितलं नव्हतं. मग मीच सांगायला लागले, मुली ऐकत होत्या, अजून दोघं-तिघं थांबले, आणि पाच मिनिटांत आतून एक मॅडम येऊन म्हणाल्या की प्लीज, ग्रुप करून थांबू नका.

ते टेबल ग्रेबाईंनीच डिझाइन केलेलं, स्टीलच्या नळीचं, वर गोल काच, एका बाजूला दांडा आणि खाली अर्धवट उघडं कडं. तुम्ही पाहिलं असेलच, त्याच्या कॉप्या आज कुठल्याही फर्निचर मार्केटमध्ये साइड टेबल म्हणून मिळतात, दुकानदाराला ग्रेबाईंचं नाव माहीत नसतं ते सोडा. माझ्या घरीही एक आहे. मागच्या दांड्याला भोकं आहेत आणि साखळीला बांधलेली एक पिन. पिन काढायची, काच वर-खाली करायची, हवं त्या भोकात पिन परत घालायची. आणि खालचं कडं उघडं कशाला, तर ते पलंगाखाली सरकतं आणि काच बरोबर तुमच्या मांडीवर येते. ग्रेबाईंच्या बहिणीला पलंगावर बसून नाश्ता करायची सवय होती आणि पावाचा चुरा अंथरुणात पडायचा म्हणून हे केलं असं सांगतात. आता हे दोरीपलीकडून कसं कळणार? दोरीपलीकडून ते नुसतं चकचकीत टेबल आहे. मुलींना मी सरळ घरी आणलं, टेबल पलंगाखाली सरकवलं, त्यावर पोह्याची बशी ठेवली आणि म्हटलं, बसा. भाचीची मैत्रीण पिन काढून तीनदा वर-खाली करून म्हणाली, मावशी, हे तर हॉस्पिटलच्या बेडला असतं तसंय! तर सांगायचं हे की माझा कार्यक्रम शून्य रुपयांत झाला, पोहे धरून फार तर साठ रुपये.

माझं म्हणणं एवढंच आहे की चित्रांच्या प्रदर्शनात एक वेळ चालेल, पण डिझाइनच्या प्रदर्शनात भोवतीचे कार्यक्रम म्हणजे नंतर जमलं तर बघू अशी गोष्ट नाही. वस्तू कुणीतरी हलवून, बसून, उघडून दाखवली की मगच ती दिसते. ओरिजिनलला हात लावू नका, मान्य, पण एक कॉपी बाजूला ठेवायला काय जातं?

आणि ग्रेबाईंच्या बाबतीत तर तोंडाने सांगणं जास्तच गरजेचं आहे, कारण लेबलात मावणार नाही अशी भानगड आहे. बाई मूळच्या आयर्लंडच्या, वेक्सफर्डमधल्या एनिसकॉर्थीजवळच्या, जन्म १८७८ चा, आयुष्य गेलं पॅरिसमध्ये. १९२२ मध्ये तिथे दुकान काढलं त्याचं नाव ठेवलं झाँ देझेर, झाँ हे पुरुषाचं नाव, आणि असा कुणी माणूसच अस्तित्वात नव्हता! मग १९२६ ते २९ मध्ये फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावर समुद्राला लागून एक घर बांधलं, नाव ई-१०२७. हे नाव म्हणजे कोडं आहे, ई म्हणजे आयलीन, १० म्हणजे दहावं अक्षर जे, २ म्हणजे बी, ७ म्हणजे जी, म्हणजे त्यांचा मित्र झाँ बादोविची याची अक्षरं आपल्या दोन अक्षरांच्या मध्ये धरलेली. बाई घरातून निघून गेल्या आणि १९३८-३९ मध्ये ल कॉर्बुझिए, तेच आपलं चंदीगड आखणारे आर्किटेक्ट, तिथे राहायला आले असताना त्यांनी बाईंच्या कोऱ्या भिंतींवर आपली चित्रं रंगवून ठेवली. बाईंना विचारलं नाही. बाई भयंकर चिडल्या होत्या. पुढे कित्येक वर्षं लोक ते घरच कॉर्बुझिए यांचं समजत होते, आणि गंमत बघा, त्याच किनाऱ्यावर १९६५ मध्ये पोहताना कॉर्बुझिए वारले. आता ते घर दुरुस्त करून लोकांना बघायला खुलं केलंय.

त्या घरातली मला सगळ्यात आवडणारी गोष्ट म्हणजे बाईंनी भिंतीतल्या कपाटांवर स्टेन्सिलने लिहून ठेवलं होतं की आत काय आहे, एकावर उशा, एकावर पायजमे. म्हणजे फ्रेंचमध्ये, पण पिजामा हा शब्द गेला आपल्याकडूनच ना. आणि दारात शिरताना लिहिलेलं, हळू आत या. माझ्या आजीच्या डब्यांवर असायचं तसंच, हरभरा डाळ, साबुदाणा. एवढं एक वाक्य कुणी मराठीत बोललं असतं तर त्या वॉचमनकाकांना बाई आपल्या वाटल्या असत्या.

लाखेचंही तेच. बाईंचं सुरुवातीचं बरंचसं काम लॅकरचं, सुगावारा नावाच्या जपानी कारागिराकडून पॅरिसमध्ये शिकलेलं. लेबलवर नुसतं लॅकर लिहिलं की आपल्याला वाटतं वर चोपडलेलं पॉलिश. अहो ती झाडाच्या चिकाची लाख, एकावर एक वीस-वीस थर, प्रत्येक थर वाळला की घासायचा आणि परत लावायचा, आणि वाळायला कोरडी नाही तर दमट हवा लागते. चीक अंगावर उठतो, बाईंच्या हातांना पुरळ आलं होतं. आपली लाख वेगळी, ती किड्यापासून. सावंतवाडीचं लाखकाम करणाऱ्या एखाद्या कारागिराला एका रविवारी बसवून दोन्हीतला फरक दाखवला असता तर लाइन लागली असती. त्या लॅकरची ड्रॅगनवाली खुर्ची २००९ मध्ये पॅरिसला जवळपास २ कोटी १९ लाख युरोला लिलावात गेली, ही बातमी मात्र आपल्याला लगेच कळते, किंमत कळते, काम कळत नाही.

मी मूळची इंदूरची म्हणून हे जरा जास्त लागतं. यशवंतराव होळकर (दुसरे) यांनी १९३० च्या सुमारास माणिकबाग बांधली, आर्किटेक्ट एकार्ट मुथेझिउस, आणि त्या महालात ग्रेबाईंची ट्रान्सॅट खुर्ची होती, जहाजाच्या डेकवरच्या खुर्चीसारखी लाकडी फ्रेम आणि मध्ये झोळीसारखी पडणारी गादी. बरंचसं सामान १९८० मध्ये मोनॅकोला लिलावात विकलं गेलं. महालात एक्साइजचं ऑफिस आलं. आमच्या शेजारचे काका तिथे नोकरीला होते, आम्ही त्यांना डबा द्यायला जायचो, आणि त्यांना काय आम्हाला काय, पत्ताच नव्हता की या हॉलमध्ये काय काय होतं. काका म्हणायचे, अरे खिडक्या मोठ्या आहेत, पंखा लागत नाही. बस, एवढीच आमची मॉडर्न आर्किटेक्चरची माहिती! होळकरांच्या त्या खुर्चीबद्दल मी पहिल्यांदा सविस्तर वाचलं ते लॉकडाउनमध्ये. न्यूयॉर्कच्या बार्ड ग्रॅज्युएट सेंटरने २०२० च्या फेब्रुवारीअखेर ग्रेबाईंचं मोठं प्रदर्शन उघडलं, ते दोनेक आठवड्यांत कोविडमुळे बंद पडलं, तेव्हा त्यांनी बरंच काही वेबसाइटवर मांडलं, ते बघता बघता मी या बाईच्या नादाला लागले. नंतर मुलीकडे डब्लिनला गेले तेव्हा कॉलिन्स बॅरक्सच्या म्युझियममध्ये ग्रेबाईंची कायमची दालनं आहेत ती पाहिली. तिकीट नाही. दोनदा गेले.

गॅलरीवाल्यांना पैशांची अडचण असते हे मला कळतं. पण ओपनिंगच्या संध्याकाळी पाहुण्यांसाठी जो खर्च होतो त्यातला थोडा बाजूला काढून शनिवारी संध्याकाळी पाच वाजता एक मराठी आणि एक हिंदी वॉकथ्रू ठेवा, नावनोंदणी नको, येईल तो येईल. एक कॉपी हात लावायला ठेवा. लेबल मोठ्या अक्षरात आणि मराठीतही. आणि पहिल्या दिवशी सगळ्यात आधी वॉचमनला फिरवून आणा, कारण लोक प्रश्न त्यांनाच विचारतात. तुमच्या पेपरालाही विनंती आहे, बातमीत ओपनिंगला कोण पाहुणे होते ते कमी छापा आणि वॉकथ्रू कधी, कुठल्या भाषेत, ते छापा.

भाचीच्या वर्गातली अजून सहा मुलं येत्या रविवारी टेबल बघायला घरी येतायत. पोह्यांचं प्रमाण वाढवावं लागणार.

आपली,
एक वाचक, ठाणे (मूळ इंदूर)