‘पहिले भारतीय बिशप’ : एक दुरुस्ती

मा. संपादक,
स. न. वि. वि.

वेदनायगम सॅम्युएल अझरिया यांचा ‘भारताचे पहिले बिशप’ असा उल्लेख सर्रास होतो. आपल्या अंकातही तो तसाच आला आहे. केरळच्या सुरियानी ख्रिस्ती समाजात परंबिल चांडी १६६३ मध्येच बिशप झाले होते. अझरिया हे अँग्लिकन, म्हणजे इंग्लंडच्या, चर्चचे पहिले भारतीय बिशप. २९ डिसेंबर १९१२ रोजी कोलकात्याच्या सेंट पॉल कॅथीड्रलमध्ये त्यांना ही दीक्षा मिळाली. सुटला तो ‘अँग्लिकन’ हा एकच शब्द, पण सगळी मेख त्यातच आहे. हे चर्च राज्यकर्त्यांचे. गोऱ्या पाळकाने नेटिव्ह बिशपचा हुकूम मानायचा, हे तेव्हा भल्याभल्यांच्या पचनी पडत नव्हते. १९१० च्या एडिंबरोच्या जागतिक मिशनरी परिषदेत ‘आम्हाला मित्र द्या’ असे मिशनऱ्यांना तोंडावर सुनावणारे हेच गृहस्थ.

त्यांचे खरे काम मात्र निजामाच्या राज्यातल्या डोर्नकलला झाले. मातृभाषा तमिळ, तरी १९०९ मध्ये तिथे गेल्यावर ते तेलुगू शिकले. धर्मप्रांतातले बहुतेक ख्रिस्ती माला आणि मादिगा या अस्पृश्य जातींतले, शेतमजूर. मजुरी धान्यात मिळे, रोकड हाती नसेच. अशा गावात परदेशी पैशावर शिक्षक नेमला तर पैसा आटला की शाळाही बंद. म्हणून अर्पण धान्यातच घेतले जाई. स्वयंपाकाला बसताना घरधनीण मूठभर तांदूळ वेगळा काढी आणि साठलेला चर्चमध्ये आणून देई, आपल्याकडच्या मुष्टिफंडासारखेच. शिक्षकाबरोबर त्याच्या बायकोलाही प्रशिक्षण असे, कारण गावातल्या बायकांपर्यंत पुरुष उपदेशक पोचतच नसे. बाप्तिस्मा घेणाऱ्याने स्वतःच्या डोक्यावर हात ठेवून ‘मी सुवार्ता सांगितली नाही तर माझी केवढी दुर्दशा’ असे म्हणायचे, हा त्यांचा दंडक. प्रसार पगारी माणसावर सोडून मोकळे व्हायला मग वावच उरत नसे. १९३९ मध्ये पुरे झालेले तिथले कॅथीड्रलही पाहावे: खांब देवळाच्या मंडपातले, घुमट मशिदीचे.

ख्रिस्त्यांसाठी स्वतंत्र मतदारसंघांना त्यांचा विरोध होता, हेही सहसा सांगितले जात नाही.

निरनिराळ्या प्रोटेस्टंट पंथांचे मिळून एकच चर्च व्हावे यासाठी १९१९ च्या तरंगमबाडी (तमिळनाडू) इथल्या बैठकीपासून ते झटले. घोडे अडले ते एकाच ठिकाणी: बिशपच्या हातून दीक्षा न झालेल्या इतर पंथांच्या पाळकांचे काय? तोडगा निघाला तो असा, की जुन्यांना पुन्हा दीक्षा नको, यापुढच्या सगळ्या दीक्षा बिशपकडून. असे एकत्र आलेले दक्षिण भारत चर्च २७ सप्टेंबर १९४७ रोजी स्थापन झाले. अझरिया १ जानेवारी १९४५ लाच गेले होते.

‘अँग्लिकन’ हा राहिलेला शब्द घालून दुरुस्ती छापावी, ही विनंती.

— एक वाचक