गिरणीवाल्या काकांना उघड पत्र

काका, सा. न. वि. वि.

तोंडावर आभार मानले असते तर तुम्ही "बारीक दळू की जाड?" एवढंच विचारलं असतं. म्हणून चारचौघांत लिहिते.

सांगलीत गावभागातल्या तुमच्या गिरणीत माझं रोजचं दळण. डबे करते, त्यामुळे पिठाला सुट्टी नाही. नववीत सुटलेली शाळा सोळा वर्षांनी धरली, दहावीला बाहेरून बसायचा १७ नंबरचा फॉर्म भरला आणि वर्गसमीकरणांत, म्हणजे क्ष² असलेल्या समीकरणांत, अडकले. क्लासमध्ये सांगितलं होतं, बाहेरून बसणाऱ्यांनी डोकं चालवू नका, सूत्र पाठ करा. केलं पाठ.

त्या दिवशी रांगेत उभी राहून ३क्ष² − ७५ = ० सोडवत होते. सूत्रात ए हा क्ष²चा आकडा, बी नुसत्या क्षचा, सी सुटा. मी धरलं ए म्हणजे ३, बी म्हणजे उणे ७५, सी दिसेना म्हणून शून्य. उत्तर आलं ० आणि २५. पुस्तकात मागे ५ आणि −५. तुम्ही पट्टा चढवता चढवता म्हणालात, "पंचवीस घालून बघा की." पंचवीसचा वर्ग ६२५, तिप्पट १८७५, त्यातून ७५ गेले, उरले १८००. शून्य कुठलं व्हायला!

मग तुम्ही डब्याचं झाकण उपडं केलं, त्यावर पीठ भुरभुरलं आणि बोटानं गणित मांडलंत. "ह्यात नुसता क्ष आहे का? नाही. फक्त वर्गातला आहे. मग सूत्र कशाला काढता? क्षचं काय काय झालं ते बघा. आधी वर्ग झाला, मग तिप्पट झाली, मग ७५ गेले. आता उलटं चला." ७५ पलीकडे गेले, तीननं भागलं, क्ष² = २५ उरलं. "पिठाचा परत गहू होत नाही वहिनी, ह्याचा होतो."

मी ५ लिहून मोकळी झाले, तर तुम्ही बोट धरून ठेवलंत. वर्ग करताना चिन्ह दळून जातं. पाचाचाही २५, उणे पाचाचाही २५. उलटं येताना दोन्ही लिहायचे. तीन सारख्या चौरस खोल्यांची मिळून ७५ चौरस मीटर फरशी असं गणित असतं तर उणे पाच मीटरची भिंत कोण बांधणार, तिथं ते सोडायचं. नुसत्या समीकरणात मात्र सोडायचं नाही.

खरी गंमत (क्ष − ४)² = ४९ ची. तुम्ही कंसावर मापटं उपडं ठेवलंत. मापट्याखाली जे आहे त्याचा वर्ग ४९, म्हणजे खाली ७ तरी आहे नाहीतर −७. मापटं उचललं, दोन्हींत चार मिळवले, ११ आणि −३. मी मात्र घाईत कंस फोडून क्ष² − ८क्ष − ३३ = ० करून बसले असते. पुढे पूर्ण वर्ग पद्धत आली तेव्हा कळलं, तिथं मधला क्ष असला की त्याला गोळा करून मापट्याखाली घालायचं, बाकी सगळं हेच. झाकणावरची रांगोळी डोळ्यांपुढून जात नव्हती. पूर्वी आपल्याकडे पाटीवर धूळ पसरून हिशेब मांडत, म्हणून त्याला धूलिकर्म म्हणत असं नंतर वाचलं. तुमचं पीठकर्म.

झाकण मी तसंच घरी नेलं होतं. आमच्या सासूबाईंनी पुसून टाकलं. असो.

बीजगणितात ४० पैकी २६ पडले. क्लासवाल्यांना पेढे दिले, तुम्हाला द्यायचे राहिले, कारण तुम्ही दुकानात गर्दी असताना काही घेत नाही आणि गर्दी कधी नसते ते मला माहीत नाही.

एक मात्र राहिलंय. क्ष² + ९ = ० मांडून तुम्ही म्हणालात, वर्ग उणे ९ कसा येईल, आणि तेवढ्यात कुणीतरी बाजरी घेऊन आलं. भास्कराचार्यांनीही बाराव्या शतकात हेच लिहून ठेवलंय, ऋण संख्येला मूळ नाही, कारण ती वर्गच नव्हे. पण अकरावीच्या पुस्तकात संमिश्र संख्या म्हणून धडा आहे आणि तिथं ह्याचीही दोन मुळं काढली आहेत. बुधवारी ज्वारी घेऊन येते. झाकण रिकामं ठेवा.

तुमची,
रोज सकाळच्या रांगेतली डबेवाली वहिनी