पाला गुडघाभर, गाजर करंगळीएवढे

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गाजर, मुळा, बीट पोसत नाही अशी तक्रार आली की पहिला सल्ला मिळतो तो आणखी युरिया टाकण्याचा. पाला गडद हिरवा आणि माजलेला असेल, तर हा सल्ला पीक हमखास बिघडवतो. युरियातले नत्र (नायट्रोजन) जास्त झाले की झाड नवी पाने काढत राहते, त्यांतच साखर खर्च होते आणि मुळाच्या वाट्याला फारसे काही उरत नाही.

माती परीक्षण झाले असेल तर मात्रा त्यानुसारच ठरवावी. एरवी गाजराला गुंठ्याला साधारण १.३ किलो युरिया पुरतो. निम्मा पेरताना, उरलेला विरळणीनंतर, पेरणीपासून पंचविसाव्या ते तिसाव्या दिवशी. त्यापुढे नत्र बंद. लवकर येणारा मुळा सहा आठवड्यांत काढणीला येतो, त्याला उशिरा वरखत देण्यात अर्थच नाही. स्फुरद (फॉस्फरस) मातीत जागचे फारसे हलत नाही, म्हणून ते पेरणीपूर्वी बियाण्याखाली पाच-सात सेंटीमीटरवर पडायला हवे. कच्चे शेणखत तर टाकूच नये. गाजराला फाटे फुटतात, केसाळ मुळ्या येतात.

पानांतली साखर मुळापर्यंत पोहोचायला पालाश (पोटॅशियम) लागते. ते कमी पडले की आधी जुन्या पानांच्या कडा करपतात, कारण झाड तिथले पालाश काढून कोवळ्या पानांना देते. बोरॉन या सूक्ष्म अन्नद्रव्याचे नेमके उलटे. बीटमध्ये ते जुन्या पानांतून नव्यात जात नाही, म्हणून खूण गाभ्यात दिसते: मधली कोवळी पाने खुरटून काळी पडतात, डोक्याला भेगा जातात आणि बीट कापले की आत काळे, बुचासारखे चट्टे निघतात. अनेकांना हा रोग वाटतो आणि बुरशीनाशकाच्या फवारण्या वाया जातात.

चुनखडीच्या जमिनीत आणि पाण्याचा ताण पडल्यावर बोरॉन असूनही मुळांना मिळत नाही. पालाशसाठी लाकडाची राख टाकणाऱ्यांनी हे विशेष ध्यानात घ्यावे. राखेने जमिनीचा सामू (पीएच) वाढतो, म्हणजे आधीच विम्ल (अल्कधर्मी) असलेल्या जमिनीत पालाश मिळवताना बोरॉन गमावण्याची वेळ येते. तिथे म्युरेट ऑफ पोटॅश किंवा सल्फेट ऑफ पोटॅश ही पालाशची खते बरी.

बोरॉनची कमतरता असेल तर पेरणीपूर्वी गुंठ्याला १०० ग्रॅम बोरॅक्स (बोरॉनचे खत) पुरे. ते थोड्या कोमट पाण्यात विरघळवून दहा लिटर करावे आणि झारीने सारखे शिंपावे. मुठीने फेकू नये, एका जागी जास्त पडते आणि तिथे पुढे घेवडा लावला तर त्याच्या पानांच्या कडा जळतात. दरवर्षी सवयीने तर मुळीच टाकू नये. बीट तयार झाल्यावर आतले चट्टे कशानेही जात नाहीत.

– एक भाजीपाला उत्पादक