एका विज्ञानशिक्षिकेस आभारपत्र

आदरणीय बाई,
सादर नमस्कार.

माझी नात आपल्याकडे आठवीत विज्ञान शिकते. पालकसभेच्या गर्दीत जे नीट बोलता आले नाही, ते या जाहीर पत्राने कळवीत आहे.

तिच्या आधीच्या शाळेत प्रयोगाच्या तासाला सेल, बल्ब आणि तारा मुलांच्या हाती जात, आणि मुलींकडे निरीक्षणे लिहिण्याचे काम येई, कारण म्हणे मुलींचे अक्षर चांगले असते. मी विचारणा केली, तेव्हा ‘ती जात्याच अबोल आहे, आजोबा’ असे सांगून माझी बोळवण करण्यात आली. ज्या बडोद्यात सयाजीराव महाराजांनी १९०६ मध्ये मुलींसाठीही प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले (त्या कायद्यातही मुलींची सक्ती मुलांच्या आधी संपत असे, हे खरे), तेथे हे उत्तर ऐकावे लागले याचा संताप अजून ओसरलेला नाही.

आपल्या वर्गात विद्युत परिपथाविषयीच्या प्रश्नाला उत्तर देताना ती मध्येच अडखळली आणि मागच्या बाकांवरून मुलांनी उत्तर ओरडून सांगायला सुरुवात केली, तेव्हा आपण त्यांना हातानेच थांबवले, खडू टेबलावर ठेवला आणि तिचे बोलणे पूर्ण होईपर्यंत स्वस्थ उभ्या राहिलात. उत्तर अर्धे चुकले होते. तरीही ‘छान’ म्हणून तिला खाली बसवण्याऐवजी आपण ‘असे का वाटते?’ असे विचारलेत, आणि माझ्या मते खरा मान त्या प्रश्नात होता. मुलींना टापटिपीबद्दल शाबासकी देणारे पुष्कळ भेटतात. त्यांच्या चुकीशी वाद घालण्याइतके त्यांना गंभीरपणे घेणारे विरळा. प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी जेमतेम एक सेकंद थांबतात, आणि तीन सेकंद थांबल्यास एरवी गप्प राहणारी मुलेही बोलू लागतात, असे मेरी बड रो या अमेरिकन संशोधिकेने १९७० च्या दशकात दाखवून दिले होते. त्यासाठी ना अनुदान लागते, ना परिपत्रक. समोरच्या मुलाजवळ सांगण्यासारखे काही आहे, एवढा विश्वास बाळगणारा सज्जनपणा मात्र लागतो.

आता जेवताना ती माझ्या प्रत्येक विधानाला ‘कशावरून?’ म्हणून अडवते. आजीला याची मोठी गंमत वाटते आणि माझी पुरती पंचाईत होते, त्याचे श्रेय सर्वस्वी आपले आहे.

आपला कृतज्ञ,
एका विद्यार्थिनीचे आजोबा
दांडिया बाजार, वडोदरा