तीन भावंडांचे तीन बाबा

परळ, मुंबई
रविवार, दुपार

प्रिय विन्या,

तुझा मेसेज वाचून फोनच करणार होतो, पण फोनवर तू मला बोलू देतोस कुठे? म्हणून पत्र. सकाळपासून पाऊस धरलाय, मुलगा क्लासला गेलाय, निवांत आहे.

तू लिहिलंस, ‘थोरलीला कधी अभ्यासाला बस म्हणावं लागलं नाही. ही तिच्याच पाठची, तीच शाळा, तेच आईबाप, तरी अभ्यासाच्या नावानं शंख. वर म्हणते, मला ताईसारखं व्हायचंच नाही.’ हे शेवटचं तू तक्रार म्हणून लिहिलंस. मला मात्र अख्ख्या मेसेजमध्ये तेवढंच शहाणपणाचं वाटलं.

आधी तुझ्या ‘तेच आईबाप’बद्दल. तू आमच्या चाळीत यायला लागलास तेव्हा आपण कॉलेजात होतो, त्याआधीचं तुला ठाऊक नाही. आमचे बाबा एकच, पण आम्हा तिघा भावंडांच्या वाट्याला ते तीन तऱ्हांनी आले. दादाचे बाबा म्हणजे गिरणीत रात्रपाळी करून दिवसा झोपणारा माणूस. ते झोपले की खोलीत भांडंसुद्धा वाजवायचं नाही. दादा गॅलरीत कठड्याला टेकून ओठातल्या ओठात पाढे म्हणायचा. पण पगार वेळेवर यायचा, दिवाळीला नवे कपडे यायचे. मग १८ जानेवारी १९८२ला संप लागला. अडीच लाखांच्या आसपास गिरणी कामगार बाहेर पडले, त्यांत बाबा. दादा तेव्हा आठवीत, मी चौथीत. तो संप रीतसर मागे कुणी घेतलाच नाही, त्यामुळे आमच्या घरातही तो नेमका कधी संपला हे सांगता यायचं नाही. माझे बाबा म्हणजे नाक्यावर घोळक्यात उभे असलेले, सभेहून आले की आवाज चढलेले, आणि काही महिन्यांनी आवाजच गेलेले.

आणि आमची धाकटी बहीण, बेबी? ती बालवाडीत. आई सकाळीच दादरला पोळ्या करायला जायला लागली होती, त्यामुळे तिच्या वेण्या बाबा घालायचे. मागावर तुटलेला धागा सांधण्यात आयुष्य गेलेली बोटं ती. वेणी इतकी घट्ट, की बेबीच्या भुवया वर ओढल्या जायच्या आणि ती दिवसभर दचकल्यासारखी दिसायची. गेल्या दिवाळीत आम्ही तिघं बसलो होतो, तिनं वेण्यांचा विषय काढला. दादा म्हणाला, ‘काहीतरीच तुझं. बाबांनी कधी कुणाच्या डोक्याला हात लावलाय?’ दोघंही खरंच बोलत होते.

रॉबर्ट प्लोमिन आणि डेनिस डॅनियल्स या दोन संशोधकांनी १९८७ साली नेमका तुझाच प्रश्न विचारला होता: एकाच घरातली मुलं इतकी वेगळी का निघतात? त्यांचं म्हणणं थोडक्यात असं, की स्वभाव घडवण्यात घराचा जो हात असतो तो सगळ्यांना सारख्या मिळणाऱ्या गोष्टींचा फारसा नसतो, ज्याच्या त्याच्या वाट्याला वेगळं येतं त्याचा असतो. आमच्याकडे ते वेगळेपण संपानं आणलं. तुझ्याकडे बघ, थोरली तीन वर्षांची होईपर्यंत तू भाड्याच्या दोन खोल्यांत होतास आणि रोज सहाला घरी यायचास. धाकटीच्या वाट्याला मोठा फ्लॅट आला आणि टूरवर असलेला बाप आला.

वहिनींचं म्हणणं, थोरलं मूल जबाबदार आणि शेंडेफळ लाडावलेलं, हे असंच असतं. हा विचार जुनाच आहे. व्हिएन्नाचा डॉक्टर आल्फ्रेड ॲडलर म्हणायचा की पहिलं मूल हे गादीवरून उतरवलेला राजा असतं. (तो स्वतः दुसरा होता, हे लक्षात ठेवलेलं बरं.) पण २०१५ साली अमेरिका, ब्रिटन आणि जर्मनीतल्या वीस हजारांहून अधिक लोकांची माहिती तपासली गेली, तेव्हा जन्मक्रमाचा आणि स्वभावाचा म्हणण्यासारखा संबंध सापडला नाही. बुद्धीच्या चाचण्यांत थोरल्यांना किंचित जास्त गुण, तेही एखाद-दुसरा. तेव्हा क्रमांकाला दोष देऊ नका. आपण त्या क्रमांकाला काय काय चिकटवतो ते बघा.

आमच्याकडे पाहुणे आले की आई ओळख करून द्यायची, ‘हा आमचा हुशार, हा नकल्या, ही लाडाची.’ हुशाराची जागा भरलेली होती, म्हणून मी नकल्या झालो. गिरणीच्या खात्यातल्या जॉबरची, म्हणजे मुकादमाची, नक्कल केली की काका लोक दहा पैसे द्यायचे. दादाची पुस्तकं मला यायची. त्याच्या नावावर काट आणि खाली माझं नाव. आत मात्र लाल पेन्सिलीच्या रेघा आधीच मारलेल्या. महत्त्वाचं काय, हे माझ्याआधी ठरून गेलेलं. मग मी रेघा नसलेलं वाचायचो: चित्राखालच्या ओळी, तळटिपा, धड्याच्या शेवटी लेखकाबद्दल दिलेलं. मार्क अर्थातच रेघांवर मिळायचे. पण आज मी जे चार पैसे कमावतो ते त्या बिनरेघांच्या वाचनावर, हे तुला माहीत आहे.

हे फक्त माझंच नाही. फ्रान्सिस शॅक्टर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७६ साली अमेरिकेतल्या कॉलेजच्या मुलांना विचारलं, तू तुझ्या भावंडासारखा आहेस की वेगळा? पहिल्या दोघांच्या जोडीत ‘वेगळा’ म्हणणारे जास्त निघाले, आणि दोघे भाऊ-भाऊ किंवा बहिणी-बहिणी असतील तर आणखी जास्त. तुझ्या घरात अगदी तीच जोडी आहे. ताईच्या मैदानात उतरून रोज हरण्यापेक्षा पोरगी दुसरं मैदान शोधतेय. त्याला तू आळस म्हणतोस.

आणि त्यांच्या भांडणाचं फार मनावर घेऊ नकोस. जूडी डन या बाईंनी केंब्रिजमध्ये लोकांच्या घरी जाऊन जाऊन लहान भावंडांना पाहिलं. धड बोलता न येणारी दोन वर्षांची पोरंसुद्धा ताईला चिडवायचं तर तिची नेमकी आवडती वस्तू पळवतात. म्हणजे समोरच्याच्या मनात काय आहे हे ओळखायला मूल तिथेच शिकतं. आमच्या बेबीला अक्षरओळख नव्हती तेव्हापासून भूमितीच्या पेपराच्या दिवशी दादाच्या कंपासपेटीतून करकटक गायब व्हायचा. पट्टी किंवा पेन्सिल नाही, करकटकच.

आपल्याकडे धाकट्यांना हा मान पूर्वीपासून आहे रे. निवृत्तीनाथ थोरले, ते ज्ञानेश्वरांचे गुरू झाले. पण ज्ञानेश्वर रुसून झोपडीची ताटी लावून बसले, तेव्हा त्यांना समजावायला पुढे आली ती सगळ्यांत लहान मुक्ताबाई. थोरल्याला समजावणारं कुणीतरी लागतं.

खरं सांगू? तुझ्या मेसेजमध्ये धाकटीबद्दल तीन परिच्छेद आहेत आणि थोरलीबद्दल एकच वाक्य, ‘तिची काळजी नाही.’ मला काळजी तिचीच वाटली. दादाबद्दलही घरात असंच म्हणायचे. पहाटे नळावर नंबर लावायला दादा, रॉकेलच्या रांगेत दादा, दहावीनंतर नोकरी आणि नाइट कॉलेज, दादा. कुणी त्याच्यावर लादलं असंही नाही. ‘दादा आहे ना’ एवढंच म्हणायचे. मागच्या वर्षी त्याची अँजिओप्लास्टी झाली, ती आम्हाला कळली तो घरी आल्यावर. मी चिडलो, तर म्हणाला, ‘तुम्हाला कशाला उगाच टेन्शन?’ साठीच्या आसपास आलाय, पण त्याला अजून आजारी पडता येत नाही. बेबीनं मात्र त्याला चांगला फैलावर घेतला, आणि तो चक्क गप्प बसून ऐकत होता. तेवढा अधिकार आमच्यात तिलाच.

माझा मुलगा एकटाच, त्यामुळे मला बोलायला काय जातं, असं तू म्हणशील. म्हण. पण दोन गोष्टी कर. दोघींची प्रगतिपुस्तकं एकाच टेबलावर उघडू नकोस. आणि थोरलीला एकदा सहामाहीत कमी मार्क पडले तर घरात काही कोसळत नाही, हे तिला दिसू दे. भाषण नको देऊस. तुझी भाषणं मला माहीत आहेत.

गणपतीत याल तेव्हा धाकटीला दोन दिवस आधी एकटीला पाठव, पंचवटी एक्स्प्रेसनं. मी दादर स्टेशनवर येतो. इथे तिच्या ताईला कुणी ओळखत नाही, तिला बरं वाटेल. बेबीच्या हाताखाली मोदक वळू दे, जमले नाहीत तर बेबी बोलेलच. येताना चिवडा आण, वहिनींना नमस्कार.

तुझा,
बाळ्या