नानांची पेटी कुरकुरतेय

मिरज, रविवार, ११ मे २०२५

प्रिय सुहास,

दिवाळीत तुझा फोन आला तो मी उचलला नाही आणि नंतर उलटा केलाही नाही. पक्याच्या घरी तू जे बोललास ते मला लागलं होतं. ते आता राहू दे. आज लिहितोय ते पेटीपायी, नानांसाठी आपण जोडलेल्या त्या गाण्यांच्या कॉम्प्युटरपायी. हे सांगावं असा दुसरा माणूस मिरजेत उरलेला नाही.

आईची शुगर आटोक्यात आहे, माझी पाठ तशीच. झालं.

एप्रिलमधली गोष्ट. रात्री जेवणं झाली होती, गाणं लावलं होतं. आई म्हणाली, "टीव्हीमागं पाल चुकचुकतेय, हाकल बघू." मी बॅटरी घेऊन मागं वाकलो. पाल कुठली! टक्. जरा थांबून पुन्हा टक्, टक्. आणि पेटी आपोआप बंद. मध्यलयीतली तान अर्ध्यात तुटली. वरच्या पत्र्याला हात लावला तर तव्यासारखा. सुहास, माझ्या मनात तेव्हा खरोखरची पाल चुकचुकली.

नानांची अट आठवते ना? "खोलीत तानपुरा लागलेला असताना तुमच्या पेटीचा आवाज मला ऐकू येता कामा नये." २०१४ चा मे. मुंबईचा लॅमिंग्टन रोड दिवसभर पालथा घालून आपण महालक्ष्मी एक्सप्रेसनं रात्रभर पेटीचं कॅबिनेट मांडीवर घेऊन आलो. म्हणजे मी घेऊन आलो. तू कल्याणला जो झोपलास तो कराडला उठलास आणि घरी सगळ्यांना सांगितलंस की "आम्ही दोघांनी धरली होती." काहीही असो, पेटी जुळली, आणि नानांनी तानपुरा मांडीवर घेऊन कान लावला तेव्हा दोन मिनिटं तू श्वाससुद्धा घेतला नव्हतास.

त्या अटीपायीच मी २०१६ साली मागचा पंखा काढून ठेवला होता. तू फोनवर किती ओरडला होतास! "अरे, वारा एका बाजूनं आत यायला पाहिजे आणि दुसरीकडून बाहेर जायला पाहिजे, नाहीतर डिस्क शिजतील आत." मी म्हटलं, नानांना घरघर सहन होत नाही. पुढं सुतारानं टीव्हीचं कपाट केलं, त्याला मागून प्लायवूड ठोकलं, आणि पेटी त्या बंद कप्प्यात गेली. आतली गरम हवा आतच फिरत राहिली. आपल्याकडं एप्रिलात दुपारी खोलीच तापलेली असते, मग त्या कप्प्याचं काय सांगू.

उघडली तेव्हा प्रोसेसरवरच्या ॲल्युमिनियमच्या पात्यांमध्ये धुळीची अक्षरशः गोधडी विणली गेली होती. कूलरच्या चार खिट्ट्यांपैकी एक सुटून वर आली होती, त्यामुळं तो एका अंगानं प्रोसेसरला टेकतच नव्हता. आणि प्रोसेसरची उष्णता कूलरकडं जावी म्हणून तू मधे बोटानं लावलेली ती पेस्ट वाळून भिंतीच्या चुन्यासारखी भुगा झाली होती. नुसतं गाणं लागलेलं असताना ८४ अंश. भाच्यानं आणलेला सिनेमा लावला की मिनिटभरात ९८. तो सिनेमा १० बिटच्या एचईव्हीसीमध्ये, म्हणजे व्हिडिओ दाबून भरायच्या नव्या पद्धतीत होता. आपला प्रोसेसर पेंटियम जी ३२२० आहे २०१३ चा, त्याच्या ग्राफिक्सला ते उलगडता येत नाही, म्हणून सगळा भार दोन कोअरवर पडतो. शंभराच्या आसपास गेला की तो स्वतःचा वेग कमी करतो, तरी भागलं नाही की जीव वाचवायला बंद होतो. पेटी बंद पडायचं कारण मिळालं. खिट्टी बसवली, पेस्ट नवी लावली, धूळ काढली. ९८ चे ७१ झाले. पंख्याच्या स्टिकरखाली शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब सोडला, त्याची सुरू होतानाची घरघरही गेली.

पण एक आवाज राहिलाच. खालच्या अंगाचा, वूंऽऽ, मग विरतो, मग पुन्हा वूंऽऽ. मी दोन दिवस पंखा शोधत बसलो. शेवटी आईनंच सांगितलं. ती देवघरात वाती वळत होती, तिथूनच म्हणाली, "दोन तारा लागल्या नाहीत रे. जवळ आल्यात पण मिळत नाहीत, म्हणून लाटा येतायत." मी म्हटलं, सूर कुठला आहे? तिनं डोळे मिटले, एकदा गुणगुणली. "खर्जात आहे. पांढरी चार आणि काळी तीनच्या मधे कुठंतरी. कुठल्याच पट्टीत नाही."

मी कागदावर आकडेमोड केली. आपल्या दोन्ही डिस्क मिनिटाला ५४०० फेऱ्यांच्या, म्हणजे सेकंदाला ९०. हार्मोनियमच्या पांढरी चारचा खर्ज सेकंदाला ८७ कंपनं, काळी तीनचा साडेब्याण्णव. नव्वद बरोब्बर मधे! माझ्या अंगावर काटा आला रे. आणि दोन डिस्क कधी तंतोतंत एका वेगानं फिरत नाहीत, म्हणून त्या लाटा. डिस्कखालचे रबराचे वॉशर दहा वर्षं शेकून खडूसारखे कडक झाले होते, डिस्कची थरथर सरळ पत्र्यात उतरत होती आणि पत्रा भोपळ्यासारखा घुमत होता. तुझी जुनी युक्ती केली, दोन्ही डिस्क इलॅस्टिकवर टांगल्या. आई म्हणाली, "आता लागला." नाना असते तर त्यांनी तिच्या कानाचं कौतुक आधी केलं असतं आणि चहा मागून मागितला असता. गेल्या वर्षी आपल्या सतार-तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हाही मला सारखं वाटत होतं की ते हवे होते.

आता टकटक. लांब स्क्रू ड्रायव्हर घेतला, टोक एकेका डिस्कच्या अंगावर टेकवलं, मूठ कानाला लावली. वरची डिस्क शांत. खालची टक्. डोकं जागेवर जातं, वाचता येत नाही, परत येतं, पुन्हा जातं. डिस्क स्वतःच्या तब्येतीची नोंद ठेवते त्या स्मार्टच्या तक्त्यात १९७ नंबरच्या ओळीला २४ आकडा. म्हणजे तेवढ्या जागा डिस्कला धड वाचता येत नाहीयेत. तापमान ५८. मी पंखा काढल्यापासून ती किती उन्हाळे तशीच शेकत होती कोण जाणे.

आणि खालची डिस्क म्हणजे नानांची. सगळ्या कॅसेट, दर्ग्यातल्या उरुसाची रेकॉर्डिंगं, सगळं तिच्यावर. तू २०१४ लाच म्हणाला होतास, दुसऱ्या डिस्कवर याचीच प्रत ठेव. मी तिच्यावर सिनेमे भरले. पक्याच्या घरी तू हेच पुन्हा काढलंस, चारचौघांत, आणि मी चिडून निघून आलो. तुझं बरोबर होतं. हे फोनवर बोलायला जमलं नसतं म्हणून लिहितोय.

डिस्क काढून टेबलावर ठेवली, समोर टेबलफॅन, आणि डीडीरेस्क्यू लावलं, बिघडलेल्या डिस्कवरचं वाचवून घेणारं सॉफ्टवेअर. ते आधी चांगलं तेवढं उचलून घेतं आणि रुसलेल्या जागांकडं शेवटी वळतं. दोन रात्री मी त्या खोलीत झोपलो. रात्री तीनला उठून आकडा बघायचा, पुन्हा आडवं व्हायचं. जवळपास सगळं आलं सुहास. कॅसेट आल्या, उरुस आला. आता त्याच्या दोन प्रती आहेत, एक बहिणीकडं सांगलीला पाठवली.

एक फाइल मात्र पूर्ण नाही आली. तू तुझ्या छोट्या रेकॉर्डरवर केलेली, वाद्यांच्या कारखान्यातली. नाना जवारी काढतायत, म्हणजे तारेचा नाद खुलावा म्हणून ती टेकते त्या घोडीवर कानस फिरवतायत, तारेखाली दोरा सरकवतायत, आणि तू विचारतोयस, "नाना, जवारी उघडली हे कळतं कसं?" मागं रिक्षा जाते. नाना काहीच बोलत नाहीत, नुसती तार छेडतात. मग पुन्हा कानस. अकराव्या मिनिटाला ते म्हणतात, "आता ऐक", आणि तिथंच तुटतं. पुढं काही नाही. त्यांच्या गाण्याचं मला काही म्हणायचं नाही, गाणी आहेत. पण काम करताना बोललेले नाना एवढ्या एकाच ठिकाणी आहेत.

तुझा तो रेकॉर्डर तू टाकला नसशील. तू काहीच टाकत नाहीस, वहिनी त्यावरून किती बोलतात मला माहीत आहे. नागपूरला नेला नसशील तर सांगलीच्या घरी माळ्यावर असेल, मी जाऊन शोधतो, काकूंना तेवढं सांगून ठेव. त्यातलं मेमरी कार्ड मिळालं तर लगेच कशात घालू नकोस. त्याच्या कडेची छोटी खिट्टी आधी लॉककडं सरकव, मग सगळं जसंच्या तसं उतरवून घे, मगच लावून ऐक.

बारावीचा निकाल लागला ना, लेकीचं काय झालं? बदलीचं काय? ऊन सांभाळ.

मागचा पंखा पुन्हा लावलाय, प्लायवूडलाही मोठं भोक पाडलंय. थोडा आवाज येतो. आई म्हणते, येऊ दे.

कार्डाचं कळव.

तुझा,
अनिल